फ्लेक्सवरचं कुत्रं मी न्हाई

मित्रांनो, मी एक हस्की कुत्रा हाय. वय दोन वर्षाला महिनाभर कमी. नेकनूरपासून आत, डोंगराच्या कडंला एक वाडी हाय, तिथं ऱ्हातो. मालामूट मी न्हाई. सामोयेड न्हाई. लांडगा तर मुळीच न्हाई. हे पयल्याच दमात सांगून टाकायलोय, कारण मला कुणी नीट वळखलं न्हाई म्हणून माझा जीव जाणार होता. ती भीती अजून अंगातून गेली न्हाई. कुठं लांब हलगी वाजली तरी मी आपसूक पोत्यात तोंड खुपसतो.

मला राग बी लवकर येतो. सांगता सांगता कुणाला काही बोललो तर मनावर घेऊ नका.

माझा जन्म पुण्याच्या पल्याड एका पत्र्याच्या शेडात झाला. आत थंड हवेचं मशीन रातंदिस घरघर करायचं. तीन पिंजरे वळीनं होते. मधल्यात माझी आई. अंगानं सडपातळ, पाय हलके, कान डोक्याच्या वर एकमेकाजवळ, शेपूट खुरप्याच्या पात्यावानी वाकडी. एक डोळा निळा, एक तपकिरी. भुंकायची कमी आन ऊऊऊ करत गप्पाच जास्त हाणायची.

डाव्या पिंजऱ्यात मालामूट होती. रंग तोच, करडा आन पांढरा. तोंडावरली नक्षी बी तीच. येणारं-जाणारं माणूस दोघींना बहिणीच समजायचं. पण नीट बघितलं तर लई फरक. ती आईच्या दीडपट. पंजे भाकरीएवढे. कान डोक्याच्या दोन कडंला, मधी भरपूर जागा. शेपूट पाठीवर तुऱ्यावानी वळलेली. आन डोळे दोन्ही तपकिरी. अस्सल मालामूटाचा डोळा निळा नसतोच, असं तिथं येणाऱ्या डाक्तरला मी स्वतः बोलताना ऐकलंय. उजव्या पिंजऱ्यात सामोयेड, पांढरीशिप्पट. तिच्या ओठाचे कोपरे वर वळलेले, त्यामुळं बिचारी रडली तरी हासल्यावानी दिसायची. शेडवाला तिची पिल्लं 'पांढरे हस्की' म्हणून खपवायचा.

तिघींच्या वाडवडलांचं काम एकच, बर्फावर गाडी वढायची. पण त्यात बी वाटण्या होत्या. मालामूट वढायचा जड वझं, हळूहळू. हस्की हलकं वझं घेऊन लांबवर पळायचा. हे तेवढं ध्यानात ठेवा. पुढचं सगळं ह्याच्यावरच अडलेलं हाय.

दिवाळीच्या तोंडाला एका माणसाचा मोबाईलवर फोन आला. समोर तोंड दिसायचं.

"मालामूटच पायजे बरं का," त्यो म्हणला. "हस्की आमच्या भागात दोघा-तिघांकडं हायत. मला येगळं पायजे."

मालामूटाचं पिल्लू तर उरलंच नव्हतं. शेडवाल्यानं आमच्यातलं सगळ्यात गुबगुबीत पिल्लू उचलून मोबाईलसमोर धरलं. ते मी होतो.

"आन ह्याचा एक डोळा असा कावून?"

"साहेब, रेअर आहे. लाखात एखाद्यालाच असतो."

त्यो माणूस खूश झाला. त्याचं नाव तानाजी. वाडीतला मोठा शेतकरी, बापाच्या मागं पंचायत समितीला उभं ऱ्हायच्या तयारीत. लोकं त्याला तानाजीभैय्या म्हणतेत. माणूस वाईट न्हाई. पण चार लोकांत आपलं येगळं दिसावं, ही हौस लई.

त्यानं माझं नाव सरदार ठेवलं. पयला हिवाळा नुसता कौतुकात गेला. गावोगावची माणसं बघायला यायची, मला मांडीवर घेऊन फोटू काढायची. शेळ्यावाले मातर लांबूनच वाट बदलायचे. एक म्हातारा तर म्हणला, "भैय्या, लांडगा पाळायचा परवाना काढलाव का?" मला राग आलता, पण दूध चांगलं भेटायचं म्हणून गप बसलो.

मंग उन्हाळा आला. मित्रांनो, माझ्या अंगावर केसाचे दोन थर हायत. आतला मऊ, बाहेरचा लांब. बर्फात झोपायसाठीचं पांघरूण ते. काढून ठेवता येत न्हाई. बीडच्या उन्हात ते घालून उभं ऱ्हायचं म्हणजे काय, ते तुमी वैशाखात दोन रजया पांघरून गच्चीवर बसून बघा. तवर मी भैय्याच्या हापिसात ऱ्हायचो, पण लाईट गेली की तिथली थंड हवा बंद व्हायची. सोफ्यावर केस पडायले म्हणून मला गोठ्याच्या पत्र्याखाली आणून बांधलं. दिसभर जीभ बाहेर. आपलं काळीज आपल्यालाच ऐकू यायचं.

तिथं मला साखराबाईनं जगवलं. ती गोठ्याचं झाडलोट करायची. दर तासाला येऊन माझ्याखालचं पोतं भिजवून जायची. "उसाच्या फडावर आमच्या पाचटाच्या खोपीत बी ह्याच्यापरीस गार असतंय रं," म्हणायची, आन उरलेलं पाणी माझ्या पोटाखाली ओतायची.

तिचा नवरा धुळाजी. सगळी वाडी त्याला आबा म्हणती. भैय्याच्या बैलांचं तोच बघायचा. बैल पारखण्यात त्याच्यावानी माणूस न्हाई. देवणी जनावरात वानेरा, बालंक्या, शेवेरा असे तीन प्रकार असतेत. आपल्याला सगळी सारखीच काळी-पांढरी दिसतेत. आबा लांबून चालत्या बैलाकडं बघून सांगायचा. बाजारात त्याचा शब्द शेवटचा, कारण जनावराबद्दल त्यो कधी खोटं बोलला न्हाई. स्वतःचा बैल इकताना बी खोड आधी सांगायचा.

दुसऱ्या वर्षी फाल्गुनात भैय्याचा दोस्त अजिनाथ आला. त्यानं मोबाईल भैय्याच्या नाकासमोर धरला.

"तुझं मालामूट नुसतं बसून खातंय बे. हे बघ, तिकडं काय करायलंय."

मोबाईलमधी एक मालामूट आख्खी जीपगाडी वढत होता. भैय्या किती तरी वेळ बघत बसला. मंग त्याच्या डोक्यात जे आलं, ते तिकडच्या बर्फातल्या माणसाच्या डोक्यात कधीच आलं नसतं.

आमच्या वाडीत चैती पुनवेला खंडोबाची यात्रा असती. त्यात बारा गाड्या वढायची रीत. बारा बैलगाड्या एकामागं एक बांधायच्या, बैल न्हाई जुपायचे. गाड्यांत माणसं खच्चून भरायची. म्होरं एकच माणूस कंबरंला दोर बांधून त्या वढतो. त्यो मान धुळाजीआबाच्या घराचा, बापजाद्यापासून. देवळापासून वेशीपर्यंत उतार हाय. गाड्या एकदा निघाल्या की मधी थांबत न्हाईत, कुणाच्या बापाला थांबत न्हाईत. तीन सालामागं गाड्यांसंगं पळणारा एक जण मधी घसरला, तर त्याच्या पायाचं पार भुसकट झालं.

"खंडोबाच्या संगतीला कुत्रं असतंच की," भैय्या म्हणला. "ह्या बारीला बारा गाड्यांच्या म्होरं आपला सरदार भंडाऱ्याची गाडी वढत जाईल. सगळ्या तालुक्यात नाव होईल."

म्हणजे म्होरं मी. माझ्यामागं वीस पावलावर आबा. आन आबाच्या मागं बारा गाड्या. मी मधीच बसलो तर काय, हे कुणी इचारलं न्हाई.

वेल्डिंगच्या दुकानातून स्कूटरच्या चाकांची एक बुटकी गाडी करून आणली. पयल्या दिवशी सकाळी रिकामी गाडी जुपली. खोटं कशाला सांगू, मला लई मजा आली. पळणं माझ्या रक्तात हाय. भुर्रकन वेशीपर्यंत जाऊन आलो. भैय्यानं टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याची भरलेली चार पोती ठेवली. मी जोर लावला. गाडी हलली न्हाई. परत लावला, वादी छातीत रुतली. तिसऱ्या बारीला गाडी हलली, धा-पंधरा पावलं गेली, आन माझ्या डोळ्यापुढं पिवळं झालं. पाय वाकले. बसलो.

"नखरे करायलंय," भैय्या म्हणला.

आबा गोठ्याच्या खांबाला टेकून बघत होता. "नखरे न्हाईत," त्यो म्हणला. "मन हाय त्याचं, अंगात वजन न्हाई. भैय्या, त्यो मोबाईलमधला दाव बरं मला."

भैय्यानं दाखवला.

"थांबव. हितं थांबव. त्याचा पंजा बघ. आन आता ह्याचा बघ." आबा माझ्यापाशी उकिडवा बसला. माझा पाय हातात घेतला, छातीवर वीत लावली, कानामधी दोन बोटं धरली. त्याच्या हाताला बैलाचा वास येत होता. माझ्यावर इतक्या लोकांनी हात फिरवला, पण बघितलं फक्त त्यानं. "भैय्या, ह्यो आन त्यो एका वाणाचे न्हाईत. त्यो वढीचा हाय. ह्यो पळीचा."

"आबा, कुत्र्यातलं कळतं का तुमाला?"

"कुत्र्यातलं न्हाई कळत. वझं वढणाऱ्यातलं कळतं."

भैय्या हासला आन निघून गेला. चार दिवसांनी वेशीत फ्लेक्स लागला. पंधरा फुटी. 'मराठवाड्यात प्रथमच, बलाढ्य मालामूट सरदार'. एका बाजूला भैय्याचा हात जोडलेला फोटू, दुसऱ्या बाजूला कुत्र्याचा. पण ते कुत्रं मी न्हाई. मी उन्हानं वाळलेला, केस गळून चट्टे पडलेला. फोटूत बरा दिसत न्हाई म्हणून त्यांनी मोबाईलवरून दुसरंच एक डौलदार कुत्रं काढून तिथं डकवलं. भैय्या जवळ उभा ऱ्हाऊन बघायचा आन मान डोलवायचा. त्याला माझ्यात आन त्या फोटूतल्या कुत्र्यात काही फरकच दिसत नव्हता, मित्रांनो. ह्याचाच मला लई राग आला. दीड वर्ष मी त्याच्या दारात होतो.

तिथून फुडं माझी झोप गेली. रोज दुपारी सराव. रोज बारावं-पंधरावं पाऊल आलं की पाय वाकायचे. वेशीपर्यंत तीनशे पावलं. मी वादी चावून तोडली. नवी आणली, ती बी तोडली. मंग साखळी आणली. तिच्यावर दात घासून माझ्या हिरड्यातून रक्त आलं. गावात बारा गाड्या एकेक करून देवळापाशी आणून लावायले. चाकाला वंगण घालताना ती जी कुरकुर व्हायची, ती मला गोठ्यात ऐकू यायची. मी पोत्यात तोंड खुपसून बसायचो. साखराबाई म्हणायची, "काय रं, यमाचा रेडा दिसला का काय तुला?"

तसंच होतं ते.

चैती पुनव उजाडली. दुपारी चारला मला देवळापाशी नेलं. ऊन असं की लोखंडाला हात लावला तर भाजावं. पायाखाली दगडी फरशी. मी एक पाय उचलायचो, त्यो टेकवून दुसरा उचलायचो. लोकांना वाटलं, कुत्रं नाचायलंय. मोबाईल वर झाले. भंडारा उधळायले, त्यो माझ्या नाकात, डोळ्यात गेला. नाक बंद झालं की कुत्र्याला दुनिया दिसत न्हाई. नुसतं ऐकू येत होतं. हलग्या, येळकोट येळकोट, आन मागं बारा गाड्यांत चढणाऱ्या माणसांचं वझं. गाडी भरत जाती तसा तिचा आवाज जड होतो. मी मागं वळून बघायचा प्रयत्न केला. साखळीनं बघू दिलं न्हाई.

भंडाऱ्याची चार पोती माझ्या गाडीत ठेवली. माझे मागचे पाय मुतानं भिजले. एक पोरगं हासलं.

धुळाजीआबा कंबरंला दोर बांधून उभा होता. त्याच्या घरची रीत हाय, निघायच्या आधी त्यो बारा गाड्यांचं चाक न् चाक हातानं बघतो. ज्या चाकाबद्दल शंका, ती गाडी काढायची. तिथं कुणाचं चालत न्हाई. त्या दिवशी बाराही गाड्यांची चाकं बघून त्यो म्होरं आला, ते सरळ माझ्या गाडीपाशी.

"ही तेरावी," त्यो म्हणला. "हिला वढणारा मला पसंत न्हाई. काढा."

हलग्या थांबल्या.

भैय्या पुढं आला. आवाज खाली ठेवला, पण मला ऐकू आला. "आबा, सगळा तालुका आलाय. लोकं हासतील मला."

"हासू दे. हासण्यानं कोण मेलंय? ह्यो मातर मधी बसला तर मला थांबता येणार न्हाई, भैय्या. तुझं कुत्रं मी माझ्याच पायानं तुडवीन, आन मागं बारा गाड्या हायत."

"मालामूट हाय त्यो. बसत नसतोय."

आबानं वेशीकडं हात केला. फ्लेक्स तिथूनच दिसत होता. "सगळ्यांनी तिकडं बघा, आन मंग हिकडं बघा. त्या फोटूतल्याच्या कानामधी चार बोटं जागा हाय. ह्याच्या कानामधी दोन बी न्हाईत. त्याची शेपूट पाठीवर बसलेली. ह्याची लोंबायली. त्याचा पंजा बघा केवढा. आन डोळे बघा. त्याचे दोन्ही एका रंगाचे. ह्याचा एक निळा."

शे-दोनशे माणसं एकदा फ्लेक्सकडं, एकदा माझ्याकडं बघायली. इतक्या माणसांनी मला कधी नीट बघितलं नव्हतं. मला लपावं वाटलं.

"खरंच की बे," कुणीतरी म्हणलं.

गर्दीतून साखराबाईचा आवाज आला. "फोटू एका पोरीचा दावायचा आन मांडवात दुसरीच उभी करायची, तसं झालंय भैय्या ह्ये. त्यात ह्या पोरीचा काय गुन्हा?"

सगळी यात्रा हासली. भैय्याचं तोंड लाल झालं. त्यानं माझी साखळी काढली, हातातली तशीच फेकली, आन माझ्या गाडीला लाथ घालून ती कडंला लोटली. हलग्या परत सुरू झाल्या. साखराबाईनं मला गळ्याला धरून पाराखाली वढलं.

आबा निघाला. बारा गाड्या निघाल्या. जमीन माझ्या पोटाखाली हालत होती. वळणावर आठवी गाडी थोडी बाहेर फेकली गेली, आन तिचं चाक माझ्या गाडीवरून गेलं. नुसतं वरून गेलं, मित्रांनो. त्या गाडीतल्या माणसांना झटका बी बसला नसंल. लोखंडाची गाडी पापडावानी चपटी झाली. चारही पोती फुटली, पिवळा धुरळा उडाला. जिथं वादी होती, जिथं मी असतो, तिथं मी बघत बसलो.

मी दोन दिवस काही खाल्लं न्हाई.

भैय्यानं मला परत बांधलं न्हाई. "न्या आबा, तुमचं पळीचं कुत्रं तुमाला," एवढंच म्हणला. आता मी आबाच्या शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यापाशी असतो. लिंबाची सावली हाय, पाटाच्या वल्या मातीत खड्डा खांदून बसतो. पहाटं गार असताना आबासंगं रानाला चक्कर मारतो. वैशाख तसा कसाबसा काढला. बरं हाय माझं.

पण गोष्ट हितं संपत न्हाई. संपली असती तर मी तुमाला सांगत बसलो नसतो.

भैय्यानं त्या शेडवाल्याला फोनवर असा धरला की त्यो कबूल झाला. "चूक झाली साहेब, अस्सल पाठवतो." आन मागच्या सोमवारी, श्रावणाच्या भुरभुर पावसात, एक गाडी आली. भैय्यानं आबाला बोलावून घेतलं. मी बी मागं मागं गेलो.

पिंजऱ्यातून ते खाली उतरलं. वर्षाचंच हाय, पण आत्ताच माझ्यापरीस दांडगं. मी बघितल्या बघितल्या वळखलं. पंजे भाकरीएवढे. कान दूर दूर. शेपूट पाठीवर. डोळे दोन्ही तपकिरी, साधे.

"बघा आबा," भैय्या म्हणला. "ह्या बारीला तुमी बघितल्याबिगर मी फ्लेक्स छापणार न्हाई."

आबा उकिडवा बसला. पाय हातात घेतला. छातीवर वीत लावली, मंग दुसरी वीत लागली. कानामधी बोटं धरली, चार मावली. मला वाटलं, आबा, आज एकदा खोटं बोल. एकदाच.

"वढीचा हाय," आबा म्हणला.

"मंग झालं. चैतात जुपायचा."

"वढीचा हाय, पण हितल्या उन्हाचा न्हाई. ह्याचं पांघरूण त्या पयल्यापरीस जाड हाय, भैय्या. त्यो पंधरा पावलात बसला. ह्यो बसणार न्हाई. ह्यो मरंस्तवर वढंल."

"बसणारच न्हाई म्हणताव ना. मला तेच पायजे."

आबा उठला. गुडघ्याची माती झाडली. "मंग ह्या चैतात गाड्या मी वढणार न्हाई. माझ्या घरचा मान मी सोडतो."

भैय्याला ते ऐकायची सवय न्हाई. मंग खांदे उडवून म्हणला, "तुमची मर्जी. दुसरा कोण बी वढील."

घरी येऊन आबानं कंबरंचा दोर खुंटीला अडकवला.

मित्रांनो, आता तुमाला हस्की कोण आन मालामूट कोण, हे कळतंय. सामोयेड बी वळखताल. चांगलं हाय. पण तेवढ्यावर थांबू नका. मी हस्की निघालो म्हणून वाचलो. ते मालामूट हाय, एवढाच त्याचा गुन्हा. उद्या कुणी मोबाईलवर आमचा फोटू दावून 'मागवू का' म्हणलं, तर कान-शेपूट बघायच्या आधी त्याला इचारा, चैतात दुपारी चारला हे जनावर कुठं उभं करणार हायेस. त्याला उत्तर देता आलं न्हाई, तर त्याला मागवू देऊ नका. आन तुमच्यातलं कुणी चैती पुनवेला आमच्या वाडीला आलं, तर मोबाईल वर करू नका. आडवं व्हा.

चैताला आठ महिने हायत. रोज सकाळी मी भैय्याच्या कुंपणापाशी जातो. ते मला बघून शेपूट हालवतं, वल्या मातीत लोळतं, तोंडभर चिखल करून घेतं. हितली हवा त्याला लई आवडायली.

मी त्याला अजून काही सांगितलं न्हाई.